शेंदराखालचा चौकोन

तुमच्या घराला अंगण आहे का? रागावू नका, मी स्थळ घेऊन आलेली नाही. अंगण असेल तर विजेवर चालणारी मोटार खुशाल घ्या. संध्याकाळी भिंतीतल्या प्लगला लावा, सकाळी भरलेली मिळेल. पण तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत असाल आणि खाली स्कूटर उभी करायच्या जागेवरूनही भांडणं होत असतील, तर तुमच्या मोटारीला वीज कोण देणार? हा प्रश्न माझा नाही. माझ्या फुवांनी तो सुरतच्या डिंडोलीतल्या प्रत्येक माणसाला एकदा तरी विचारलेला आहे. इस्त्रीवाल्याला विचारला, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी पाहुण्याला विचारला, आणि एकदा मत मागायला दारात आलेल्या पुढाऱ्याला इतक्या वेळा विचारला की तो वरचे दोन मजले न चढताच परत गेला.

फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आम्ही खानदेशातली माणसं आत्याला फुई म्हणतो आणि तिच्या नवऱ्याला फुवा. आणि साऱ्या सुरतेत विजेवर इतकं प्रेम केलेला दुसरा माणूस नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. बाकीचे लोक विजेला भितात, तिचं बिल भरतात, ती गेली की शिव्या देतात. फुवा तिची विचारपूस करतात. बमरोलीच्या एका लूमच्या, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या कारखान्यात, ज्याला सुरतेत खातं म्हणतात, तिथे त्यांनी चाळीस वर्षं लूम दुरुस्त केले. शेकडो लूम एका वेळी धडधडत असताना त्यातल्या नेमक्या कुठल्या लूमचं पोट बिघडलंय, हे ते डोळे मिटून सांगत. निवृत्त झाल्यावर कान तसेच राहिले, लूम गेले. मग ते गल्लीतल्या यंत्रांच्या मागे लागले. कुणाच्याही घरी गेले की आधी फ्रिजला उलट्या हाताने स्पर्श करून बघतात, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा, आणि नंतर माणसांना विचारतात की कसं काय चाललंय. एका लग्नात भर दुपारी नवरदेव घोड्यावर ताटकळत होता आणि सगळे फुवांना शोधत होते, कारण मामाच्या नात्याने पहिला हार त्यांचा होता. ते मांडवामागे जनरेटरपाशी उकिडवे बसलेले सापडले. म्हणाले, “नवरदेव काय, आज नही ते सकाय उतरी. याना पट्टा आत्तेच तुटी.” पट्टा खरंच पंगतीच्या ऐन मध्यावर तुटला. पंखे थांबले, नवरीच्या मावशा घामाने निथळल्या, आणि फुवा एकटे अत्यंत समाधानाने जिलबी खात राहिले.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. माझे वडील खात्यांच्या दाराशी कामगारांची पत्रकं वाटायचे आणि उरलेल्या गठ्ठ्यावर मी अक्षरं गिरवली. त्यामुळे मला मागण्या लिहिता येतात, माणसं लिहिता येतात की नाही ते माहीत नाही. पण फुवांची मागणी आणि फुवा वेगळे काढताच येत नाहीत, म्हणून दोन्ही सांगते.

चार वर्षांपूर्वी फुईची दोन्ही मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तेही चार-चार तास. जागा मिळाली ती कामरेजला, दानावर चालणाऱ्या एका केंद्रात. डिंडोलीहून कामरेज म्हणजे शहराच्या पार पलीकडे, हायवेवर. जाताना फुई धडधाकट असायची. येताना तिचं शरीर पिळून दोरीवर टाकलेल्या लुगड्यासारखं व्हायचं. रिक्षाचे धक्के, ट्रकांचा धूर, वाटेत दोन-तीन वेळा उलटी. फुवा सहा महिने हे बघत राहिले आणि एके दिवशी कुणालाही न सांगता निवृत्तीच्या पैशातून कामरेजच्याच एका माणसाची जुनी, विजेवर चालणारी छोटी मोटार घेऊन आले. तिचा रंग करडा होता, डाव्या दाराला पोचा होता आणि बॅटरी इतकी म्हातारी की पूर्ण भरली तर कामरेजला जाऊन-येऊन जेमतेम थोडी उरायची. फुवांना त्याचं काही नव्हतं. मोटार धूर सोडत नाही, खोकत नाही, आणि जिच्यावर त्यांनी चाळीस वर्षं पोट भरलं तीच वीज पिऊन चालते, म्हणजे ती घरचीच. पहिल्या दिवशी त्यांनी फुईला मागच्या सीटवर उशी देऊन झोपवलं आणि हायवेवरून असे आले की जणू काचेच्या बरणीत पाणी नेतायत. घरी आल्यावर फुईने डोळे उघडून विचारलं, निघालो का? ते वाक्य फुवांनी नंतर वर्षभर लोकांना सांगितलं.

आता वीज. फुवांनी पहिला उपाय स्वतः काढला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तीन मजले खाली वायर सोडली. खालच्या घरांच्या खिडक्यांसमोरून ती जायची, म्हणून त्यांनी तिला जागोजागी कापडी चिंध्या बांधल्या, म्हणजे कुणाला दचकायला नको. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी त्या चिंध्यांच्या जागी आपले ओले रुमाल वाळत घातले. आठ दिवसांत सोसायटीची गच्चीवर बैठक बसली. मी ताठ मानेने गेले होते. खिशात भाषण होतं, ‘प्रगतीचे शत्रू’ असा एक शब्दप्रयोगही तयार होता. तळमजल्यावरची एक वहिनी उठली. तिचा भाऊ बमरोलीच्याच एका खात्यात वायरीतून लागलेल्या आगीत गेला होता. आवाज न चढवता ती म्हणाली, “काका, तुमची वायर चांगलीच असेल. माझ्या भावाच्या डोक्यावरचीही चांगलीच होती, असं शेठ म्हणाला होता.” माझं भाषण खिशातच राहिलं. आमच्या इमारतीत असं एकही घर नाही ज्याने जळालेलं खातं पाहिलं नाही. फुवा उठले, खाली गेले आणि त्याच दुपारी वायर गुंडाळून माळ्यावर टाकली. मी तणतणले तेव्हा एवढंच म्हणाले, “ती खरं सांगस, पोरी.”

आणि इथेच मला राग येतो, तो वहिनीचा नाही. सार्वजनिक चार्जिंग स्टेशन कशासाठी असतं? ज्याच्या बंगल्यात गॅरेज आहे, त्याला त्याची गरज सणावारी पडते. ज्याच्या दारात वायर ओढायला हातभर जमीन नाही, त्याला ती रोज असते. मग ही स्टेशनं कुठे उभी राहतात? जिथे बंगले आहेत तिथे. मॉलच्या तळघरात, मोठ्या हॉटेलांच्या कुंपणात, जिथे गाडी लावून माणूस कॉफी प्यायला जातो तिथे. आम्ही ज्या बाजूला राहतो त्या बाजूच्या नकाशावर पांढरं मैदान. कामरेजलाही एक होतं, एका हॉटेलच्या आवारात, पण ते मुक्कामाला आलेल्यांसाठीच. पाण्याचा नळ आधी तलावाच्या काठावर बसवावा, तसा हा प्रकार आहे. मी याच मजकुराचं पत्रक लिहिलं, मराठीत आणि गुजरातीत, आणि पाळी बदलायच्या वेळी खात्यांच्या दाराशी वाटलं. लोकांनी ते घेतलं. काहींनी वाचलंही. एका कामगाराने विचारलं की ताई, आमच्याकडे सायकल आहे, तिला पण वीज लागते का.

त्या वर्षात मोटार बहुतेक दिवस झाकून उभी होती आणि फुई पुन्हा रिक्षाने जात होती. पण वर्षाने आमच्या गल्लीजवळच्या बागेच्या कोपऱ्यावर चार्जिंगचं यंत्र आलं. माझ्या पत्रकामुळे आलं असं मी म्हणत नाही; फुवा म्हणतात. वर निळं छप्पर, खाली दोन गाड्यांपुरती जागा आणि मधे माणसाच्या उंचीचं पांढरं यंत्र. उद्घाटनाला जितक्या गाड्या आल्या त्या सगळ्या डिझेलच्या होत्या. फित कापली, भाषणं झाली, गाड्या धूर सोडत निघून गेल्या, आणि मग फुवा पुढे झाले. त्यांनी यंत्राला उलटा हात लावला, कान लावला आणि जाहीर केलं की प्रकृती उत्तम आहे.

ते दिवस फुवांच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे असावेत. आठवड्यातले तीन दिवस ते पहाटे मोटार यंत्राला लावत आणि उरलेले चार दिवस नुसते भेटायला जात. वापरणारे मोजके होते, बहुतेक टॅक्सीवाले. फुवांनी त्यांना खात्याचा नियम लावला. खात्यात पाळी बदलताना लूम थांबत नाही. जाणारा हात काढतो तोवर येणाऱ्याचा हात पोचलेला असतो. इथेही तसंच. एकाची मोटार भरत आली की दुसऱ्याने शेजारी तयार उभं राहायचं, आणि जो चहाला गेल्यामुळे उशिरा येईल त्याला फुवा मुकादमाच्या नजरेने बघत. एका टॅक्सीवाल्याने त्यांना विचारलं की दादा, तुम्हाला कंपनी पगार देते का. फुवा म्हणाले, मशीन चालतं ना, मग झालं. निळ्या छपराचाही गल्लीने उपयोग केला. दुपारी ते इतकं तापायचं की बायकांनी त्यावर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातले. फुवांनी हरकत घेतली नाही, फक्त कुणी शिडी यंत्राला टेकवली तर ते ओरडत.

मग दसरा आला.

आमच्याकडे दसऱ्याला माणसांचा मान नंतर, यंत्रांचा आधी. खात्यात त्या दिवशी लूम बंद ठेवतात, पुसतात, हार घालतात, कपाळाला कुंकू लावतात. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस विसावा. फुवांनी ठरवलं की सार्वजनिक असलं म्हणून यंत्राला सण नाही असं कसं चालेल. सकाळी त्यांनी टॅक्सीवाल्यांना परत पाठवलं, झेंडूचा हार आणला, नारळ आणला. नुसतं कुंकू वाऱ्याने उडतं, म्हणून त्यांनी शेंदूर तेलात कालवला. वंगण घालून पक्कं करायची चाळीस वर्षांची सवय. आता यंत्राचं कपाळ कुठलं? फुवांनी ते दोन पावलं मागे जाऊन, मान तिरकी करून ठरवलं. डोक्याच्या उंचीवर, बरोबर मधोमध, तळहाताएवढा एक पांढरा चौकोन चिकटवलेला होता. त्यात काळ्या ठिपक्यांचं जाळं होतं आणि खाली यंत्राचा नंबर. हेच कपाळ. फुवांनी अंगठा बुडवला आणि चांगला जाड, ओलसर, लखलखीत टिळा त्या चौकोनावर लावला. मग समाधान झालं नाही म्हणून चारही बोटांनी सारवला.

मी तिथेच होते. पूजेचं ताट माझ्याच हातात होतं. अंधश्रद्धेवर मी तीन पत्रकं लिहिलेली आहेत, पण फुवांचा चेहरा बघून मला हसू येत होतं आणि बरंही वाटत होतं, म्हणून मी ताट धरलं आणि फोटो काढले. तो चौकोन काय आहे, हे मला माहीत होतं. मोबाईलने तो टिपल्याशिवाय यंत्र सुरूच होत नाही, हे मी स्वतः फुवांना शिकवलं होतं. तरी त्या क्षणी ते माझ्या डोक्यात आलं नाही आणि फुवांच्याही नाही. त्यांनी रोज मोबाईल त्याच चौकोनासमोर धरला होता. पण त्या दिवशी ते गिऱ्हाईक नव्हते, पुजारी होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोबाईलला काहीच दिसेना. फुवांनी शेंदूर कापडाने पुसला, तो पसरला. मग त्यांच्यातला कारागीर जागा झाला. लूमच्या भागांवरचं जुनं वंगण ज्याने काढायचे त्या रॉकेलची एक बाटली त्यांनी वर्षानुवर्षं जपून ठेवली होती. ती आणली, बोळा भिजवला आणि चौकोन असा घासला की शेंदूर थोडा निघाला आणि ठिपके सगळे निघाले. नंबरही गेला. उरला एक नारिंगी, कोरा कागद. मी घाईघाईने माझे दसऱ्याचे फोटो तपासले, त्यातला चौकोन छापून चिकटवता येईल म्हणून. तीस फोटो होते. तिसांतल्या प्रत्येकात त्या चौकोनासमोर फुवांचं डोकं.

यंत्रात वीज होती. दिवे लागत होते. फुवांनी कान लावून सांगितलं की आतून एकदम ठणठणीत आहे. मोबाईलमधल्या नकाशावरही ते हिरवंगार दिसत होतं, ‘उपलब्ध’ असं लिहिलेलं. फक्त एक कागद नव्हता. मी तक्रारीच्या नंबरावर फोन लावला. तिकडच्या मुलीने चौकोनाखालचा नंबर विचारला. मी म्हटलं, नंबर चौकोनाबरोबरच गेला. ती म्हणाली, नंबराशिवाय तक्रार घेता येत नाही. शेवटी फुवांनी महापालिकेला अर्ज लिहिला, स्वतःच्या नावाने, चूक माझी आहे असं पहिल्याच ओळीत कबूल करून. मी म्हटलं, असं लिहू नका, तुम्हालाच दोष देतील. फुवा म्हणाले, खात्यात जो मास्टर चूक लपवतो त्याच्या हाताखाली कुणाचं तरी बोट जातं.

अर्ज पोचायला आठवडे लागले. तेवढ्यात गल्लीने वेगळंच काम केलं. बागेत फिरायला येणाऱ्यांना कोपऱ्यावर शेंदूर फासलेलं, हार वाळलेलं, नारळ ठेवलेलं काहीतरी उभं दिसायचं. कुणीतरी हात जोडले. कुणीतरी फूल ठेवलं. एका बाईच्या नातवाचा ताप तिथून परतल्यावर उतरला, तिने मंगळवारी उदबत्तीचं घर आणून ठेवलं. टॅक्सीवाले येईनासे झाले, भाविक येऊ लागले. बिबडे काढले गेले, कारण देवाच्या डोक्यावर बिबडे बरे दिसत नाहीत. आणि जेव्हा एकदाचा तपासणीचा माणूस आला, तेव्हा त्याने गाडीतून उतरून समोर पाहिलं, चपला काढल्या, नमस्कार केला, दोन फोटो घेतले आणि निघून गेला.

मी फुवांना घेऊन महापालिकेच्या कार्यालयात गेले. टेबलामागचा कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने पाणी विचारलं, फाईल उघडली, फोटो दाखवला. म्हणाला की तुमचा विषय आता आमच्याकडे नाही, तो ‘धार्मिक’ झाला, दुसऱ्या विभागाकडे गेला. मी म्हटलं, एक कागद चिकटवायचा आहे, शेंदराच्या शेजारी चिकटवा, पुसूही नका. तो फुवांकडे बघून कळवळून म्हणाला, “बेन, मशीन बंद होय तो रिपेर करीए. भगवान बंद होय तो शुं करीए?” मशीन बंद पडलं तर दुरुस्त करू, देव बंद पडला तर काय करायचं, गुजरातीत असं त्याने विचारलं, आणि विचारलं कुणाला? मला, जिला प्रत्येक गोष्टीवर पत्रक सुचतं. बाहेर आल्यावर फुवा पायरीवर बसले. मग प्रमाण मराठीत, सावकाश, जणू अर्ज लिहितायत असे म्हणाले, “मी पूजा केली ती यंत्र चालावं म्हणून. चालत्या यंत्राची पूजा दसऱ्याला करतात. न चालणाऱ्याची केली तर ते तेरावं असतं.”

त्या हिवाळ्यात फुवा शहराच्या दुसऱ्या टोकाला, वेसूच्या एका मॉलमध्ये मोटार भरायला जाऊ लागले. आधी पश्चिमेला जाऊन वीज आणायची आणि मग पूर्वेला कामरेजला जायचं. पूर्वी जी थोडी वीज उरायची ती वेसूला जाण्या-येण्यातच संपायची. मॉलचा पहारेकरी त्यांना दर खेपेला नव्याने विचारी की कोणत्या दुकानात जायचंय. फुवा दर खेपेला एका दुकानाचं नाव सांगत आणि खोटं बोलायचं नाही म्हणून त्या दुकानात खरंच जाऊन येत. अशा रीतीने त्यांनी स्त्रियांच्या चपलांचं एक दुकान सतरा वेळा पाहिलं. वीज वाचावी म्हणून त्यांनी मोटारीतून जादा चाक काढलं, हत्यारांची पेटी काढली, माझा पत्रकांचा गठ्ठाही उतरवला आणि मला सांगितलं की विचार हलके असतात, कागद जड असतो.

एका शनिवारी ते मॉलमध्ये पोचले तर भरण्याच्या हिरव्या जागेत एक भलीमोठी पेट्रोलची गाडी उभी होती. मालक वर सिनेमाला. फुवांनी वाट पाहिली, पहारेकऱ्याला विनवलं, दोन तास उभे राहिले. मालक खाली आला आणि म्हणाला, रिकामी होती म्हणून लावली. त्यानंतर जेवढी भरता आली तेवढी भरून ते घाईने घरी आले. काटा निम्म्याच्याही खाली होता. फुई म्हणाली, आज रिक्षाने जाऊ. फुवा म्हणाले, पोचेल, येतानाचं येताना बघू. मोटारीचा आवाज मी ओळखतो, असंही म्हणाले. मी पुढे बसले होते. खिडक्या बंद, पंखा बंद, हायवेवर इतक्या हळू की ट्रक शिव्या देत जात होते. कामरेजचा उड्डाणपूल दिसायला लागला आणि मोटार एकही आवाज न करता थांबली. इंजिन बंद पडताना काही तरी म्हणतं. ही काहीच म्हणाली नाही. फुवा चाक धरून बसून राहिले. चाळीस वर्षं ज्या कानांनी यंत्रं ओळखली, त्यांना ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच.

एका टेम्पोवाल्याने आम्हाला केंद्रापर्यंत सोडलं. फुईची वेळ गेली होती. तिच्या पलंगावर दुसरा माणूस होता, आणि ते योग्यच होतं. त्या यंत्रालाही पाळ्या असतात, तेही कुणासाठी थांबत नाही. सोमवारची वेळ मिळाली. सोमवार यायच्या आत फुईच्या छातीत पाणी भरलं. ती श्वास घेताना जो आवाज यायचा तो फुवा भिंतीला टेकून ऐकत होते, आणि पहिल्यांदाच मी त्यांना कानावर हात ठेवताना पाहिलं. अकरा दिवस ती दवाखान्यात होती. वाचली. घरी आणली त्या दिवशी उशीला टेकून बसली, फुवा काही बोलणार एवढ्यात म्हणाली, “मशिनना देव व्हयना. आते देवले हात जोडा आनि रिक्षा बलावा.” मशीनचा देव झाला, हा तिचा निकाल होता.

त्याच आठवड्यात फुवांनी मोटार विकली. घेणाऱ्याच्या घराला अंगण आहे.

आता ते आठवड्यातून तीनदा रिक्षाने जातात. फुवा मागे बसतात, फुईचं डोकं स्वतःच्या खांद्यावर घट्ट धरतात, आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्यांना पाठ असल्यामुळे तो यायच्या आधी एक हात तिच्या मानेमागे नेतात. रिक्षाच्या इंजिनाबद्दल ते काही बोलत नाहीत. कुणाच्या घरी गेले तर फ्रिजला हात लावत नाहीत. माणसांना मात्र विचारतात, कसं काय चाललंय, आणि उत्तर पूर्ण ऐकून घेतात. मला ते फार जड जातं. वीज भरायला जागा मिळाली तर पुन्हा एखादी जुनी मोटार शोधीन, असं मात्र त्यांनी मला एकदा सांगितलं. फुईला सांगू नको म्हणाले.

मागच्या महिन्यात कार्यालयाचं पत्र आलं. फुवांचा अर्ज निकाली काढण्यात आला आहे. कारण दिलंय: अर्जदाराकडे सध्या विजेवर चालणारं वाहन नाही, सबब अर्जदार बाधित नाही. यंत्र नाही म्हणून गाडी गेली, आणि गाडी नाही म्हणून यंत्राबद्दल बोलायचा हक्क गेला. मी या ओळीवर पत्रक लिहायला बसले होते. चार वेळा फाडलं. त्या ओळीपेक्षा कडू मला काही लिहिता येईना.

म्हणून पत्रक नाही, एक विनंती आहे. माझ्याकडे मोटार नाही, फुवांकडे उरली नाही, आणि आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नाही. तुमच्याकडे विजेवर चालणारी मोटार असेल, किंवा तुमच्या ओळखीत कुणाकडे असेल, तर एक सकाळ काढा आणि डिंडोलीत बागेच्या कोपऱ्यावर या. निळ्या छपराखाली गाडी लावा, त्या कोऱ्या चौकोनासमोर मोबाईल धरा, यंत्र सुरू होत नाही हे स्वतः बघा, आणि मग तुमच्या नावाने, तुमच्या गाडीच्या नंबराने एक अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका. फुलं बाजूला करू नका, कुणाचं मन दुखवू नका. शेंदराच्या शेजारी तळहाताएवढी जागा आहे, तिथे एक कागद चिकटवून मागा, एवढंच.